वास्तुरेंडरची मोठ्या आकारातील छपाई
नियोजित इमारतीच्या त्रिमितीय संगणकीय प्रतिकृतीवरून काढलेले चित्र (रेंडर) ए१ (५९४ × ८४१ मिमी.), ए० (८४१ × ११८९ मिमी.) किंवा त्याहून मोठ्या कागदावर वा कापडावर छापण्यापूर्वी करायची तांत्रिक तयारी. छपाई बहुधा रुंद इंकजेट यंत्रावर होते. अशी यंत्रे साधारणतः १९९० च्या दशकापासून रूढ होत गेली.

पिक्सेलसंख्या : इंचाला ३०० पिक्सेल हा दंडक सर्वत्र सांगितला जातो. त्याची दोन स्पष्टीकरणे देतात. एक ऑफसेट छपाईचे : इंचाला १५० ओळींची हाफटोन जाळी (लहानमोठ्या ठिपक्यांनी छटा दाखवणारी) आणि ओळीमागे दोन पिक्सेल. दुसरे दृष्टिक्षमतेचे : निकोप डोळ्याला सु. एक कला (अंशाचा साठावा भाग) कोनाइतका तपशील सुटा दिसतो, म्हणजे ३० सेंमी. अंतरावरून इंचाला सु. २९० पिक्सेल. दोन्ही आकडे योगायोगाने जवळ आल्याने गल्लत होते. मुद्रणपूर्व कामात जाळीच्या दीडपट ते दुप्पट पिक्सेल धरण्याचाच परिपाठ असल्याने पहिले स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. इंकजेटमध्ये शाईचे थेंब सहसा विखरून टाकले जातात, तशी ठरावीक ओळींची जाळी नसते. त्यामुळे हा दंडक तिथे जसाच्या तसा लावण्याचे कारण नाही. कोनाच्या हिशेबाने १ मी. अंतरावरून इंचाला सु. ८७ आणि २ मी. वरून सु. ४४ पिक्सेल पुरतात. तरीही प्रेक्षक जवळ येऊन पाहतातच, म्हणून ए० साठी १५० धरणे सोयीचे : ४९६७ × ७०२२ पिक्सेल. ३०० धरल्यास पिक्सेल चौपट होतात आणि रेंडरचा वेळही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो. अक्षरे व मापरेषा मात्र रेंडरमध्ये न मिसळता पानाच्या मांडणीत व्हेक्टर स्वरूपात (पिक्सेलऐवजी रेषांच्या गणिती वर्णनाने) ठेवतात.

पिक्सेल पुरेसे असूनही चित्र धूसर येते, त्याचे कारण बहुधा टेक्स्चरमध्ये, म्हणजे प्रतिकृतीच्या पृष्ठभागांवर चढवलेल्या चित्रांत सापडते. २०४८ पिक्सेलचे विटांचे टेक्स्चर अंतिम चित्रात ४००० पिक्सेल रुंदीवर ताणले गेले, तर भिंतीच्या कडा रेखीव राहतात आणि विटा मऊ पडतात. डीनॉइझर (रेंडरमधील दाणेदारपणा पुसणारी प्रणाली) जास्त चालवल्यास झाडांच्या पानांचा लगदा होतो.

रंगछटा : आकाशाच्या संथ उतारात पट्टे दिसणे हा नेहमीचा दोष. ८ बिटांत प्रत्येक रंगवाहिनीला २५६ पायऱ्या असतात, ६०० मिमी. उंचीच्या आकाशात छटा केवळ ४० पायऱ्यांनी बदलत असेल, तर १५ मिमी.चा एकेक पट्टा उमटतो. म्हणून रेंडर ईएक्सआर किंवा १६ बिट टिफ या जास्त छटा साठवणाऱ्या फाइल-प्रकारांत जतन करून त्यावरच संस्कार करतात आणि ८ बिटांत आणण्याआधी पट्टे मोडण्यासाठी बारीक कण मिसळतात. आधीच ८ बिटांत काढलेले चित्र १६ बिटांत नेल्याने गेलेल्या छटा परत येत नाहीत.

छापील चित्र काळवंडते, याचा दोष बरेचदा पडद्याच्या जादा उजेडाकडे जातो. पडदा दर चौ. मी. ८०–१२० कँडेला ठेवतात. छापखान्याचे कागदनिहाय आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात याची फाइल) घेऊन सॉफ्ट-प्रूफ (छापील रूपाचा पडद्यावरचा अंदाज) पाहावे. मागणी नसताना स्वतः सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) रूपांतर करू नये. छापखान्यात ते पुन्हा झाल्यास सावल्या बुजतात. आकाश आणि सर्वांत गडद सावली यांची ए४ पट्टी मूळ प्रमाणात, त्याच कागदावर आधी छापून घेणे इष्ट.

कापणीसाठी सहसा ३ मिमी. जादा कड पुरते. चौकटीवर ताणायच्या कापडाला चौकटीच्या जाडीइतकी व मागे दुमडण्यापुरती पट्टी चारी बाजूंनी लागते. ती रेंडरच्या वेळीच कॅमेऱ्याच्या कक्षेत घ्यावी लागते.