खोली, खातं आणि खोकला

1921 सालचे मुंबईतले बालमृत्यू खोल्यांच्या हिशेबाने मांडलेले आढळतात. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे 828 बाळं वर्षाच्या आत दगावलेली. दोन खोल्यांच्या घरांत हाच आकडा 322, तीन खोल्यांत 191 आणि चार किंवा त्याहून जास्त खोल्या असतील तर 133. शहरातली साधारण दोन तृतीयांश माणसं तेव्हा एकाच खोलीत राहत होती.

828 हा आकडा मात्र जसाच्या तसा घेऊ नये. गिरणगावातल्या पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात, घाटावर गावी जात. जन्माची नोंद तिकडे व्हायची (झालीच तर), आणि तान्हं घेऊन बाई परतली की मृत्यूची नोंद मुंबईत. भागाकारात खालचा आकडा लहान झाला की उत्तर फुगतं. तो फुगवटा काढून टाकला तरी उतरंड काही सपाट होत नाही.

अशी उतरंड विलायतेतही होती. 1842 मध्ये एडविन चॅडविक या इंग्रज आरोग्यसुधारकाने मांडलेल्या अहवालात मँचेस्टरच्या मजूर कुटुंबांतलं मृत्यूचं सरासरी वय 17 होतं, तिथल्या प्रतिष्ठितांचं 38. रटलंड या खेडवळ परगण्यात साध्या शेतमजुराचंही 38. म्हणजे कारखान्याच्या गावातला साहेब आणि खेड्यातला मजूर एकाच पायरीवर. या मँचेस्टरच्याच लँकेशायरमधून पुढे मुंबईच्या गिरण्यांची यंत्रं आली.

पण खोली हे कारण होतं की नुसती खूण? खोली लहान, कारण पगार लहान. पगार लहान, कारण गिरणीतलं खातं, म्हणजे कामाचा विभाग, तसलं. आणि अमक्याला अमकंच खातं का, याचं उत्तर गिरणीच्या फाटकाबाहेर, गावात होतं.

धोट्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. साच्यावर, म्हणजे मागावर, कापड विणताना आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा, आणि त्यातली सुताची कांडी संपते. नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. बोटाने ते निघत नाही. विणकर धोटा ओठांना लावून हवा आत ओढतो, सूत तोंडात येतं, तो ते ओढून घेतो आणि साचा पुन्हा चालू. एकाच धोट्याला पाळीपाळीने किती तोंडं लागत असतील! क्षय पसरायला एवढं पुरेसं होतं, पण साचे खात्यात त्याची चर्चा रोगाच्या अंगाने झालीच नाही. ती झाली विटाळाच्या अंगाने. उष्टा धोटा अस्पृश्याच्या हातचा नको म्हणून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेतच नसत. साच्यावर पगार बरा होता. मग त्यांच्या वाट्याला सूत कातायच्या रिंग खात्यासारखी कमी पगाराची कामं आली. 1928 च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी विणकाम खातं अस्पृश्यांना खुलं करण्याची मागणी लावून धरली ती यासाठीच. कामगार एकजुटीच्या इतिहासात हे पान लोक जरा घाईने उलटतात.

कामाच्या तासांची लढाई याच्या बरीच आधीची. ताडदेवची पहिली गिरणी 1856 मध्ये सुरू झाली. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने मुलांचे तास बांधले, मोठ्या माणसांबद्दल तो गप्प होता. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर या मागण्या सगळ्यांना ठाऊक असतात. पण त्यात आणखी एक होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. रविवार 1890 मध्ये मिळाला. भरपाईचा कायदा यायला 1923 उजाडलं. मधल्या काळात गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि 1905 च्या सुमारास कामाचा दिवस पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. आधी निदान सूर्य मावळला की साचे थांबत.

बायकांचं दुखणं आणखी निराळं. 1920 च्या दशकात गिरणी कामगारांत ढोबळमानाने पाचात एक बाई होती, बहुतेक रीलिंग आणि वाइंडिंगमध्ये, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत. 1922 मध्ये सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी त्यांची पाहणी केली. गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या 98 बाळांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. बाळगोळी. सकाळी भोंग्याच्या आधी गोळी चाटवायची, मूल दिवसभर झोपून राहतं. आयांच्या अडाणीपणावर पुष्कळांनी तोंडसुख घेतलं. दहा-अकरा तास घराबाहेर असलेल्या, शेजारणीशिवाय कुणी नसलेल्या बाईने दुसरं काय करायचं होतं, हे मात्र थोड्यांनीच विचारलं. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तर तिच्या विश्रांतीच्या खर्चाचा भारही त्याने उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1929 मध्ये कायदा झाला, देशातला तसा पहिलाच. पुढच्या दशकांत गिरण्यांतून बायकाच कमी होत गेल्या. रात्रपाळीची बंदी आणि नवी यंत्रं ही कारणं होतीच, पण बाई ठेवली की खर्च वाढतो हा हिशेबही मालकांनी केलेला होता.

राहता राहिली धूळ. कापसाच्या गाठी फोडून पिंजतात ती ब्लो रूम आणि त्यापुढचं तंतू विंचरायचं कार्डिंग, ही सगळ्यांत धुळकट खाती. पाळी संपेपर्यंत भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या पांढऱ्या. या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. ते नाव 1877 मध्ये आद्रियां प्रूस्त या फ्रेंच डॉक्टरने दिलं. त्याची खूण मोठी विलक्षण आहे. छाती आवळते ती सोमवारी. सुट्टीच्या दिवशी माणूस जरा मोकळा होतो, पुन्हा खात्यात शिरला की संध्याकाळपर्यंत श्वास अडकतो, मंगळवारी पुन्हा बरं वाटतं. लोखंड्यांचा रविवार नसता तर हा सोमवारही कळला नसता. वर्षं जातात तसा मंगळवारही आवळू लागतो, मग आठवडाभर, आणि शेवटी तो साध्या दम्यासारखा किंवा जुनाट खोकल्यासारखा दिसतो. तोवर कामगार चाळिशी-पन्नाशीत असतो, बिडी ओढत असतो, आणि डॉक्टरला बोट ठेवायला बिडी आयतीच सापडते.

1948 चा कामगार राज्य विमा कायदा (वर्गणी भरायची, बदल्यात औषधपाणी) मुंबईत 1954 पासून लागू झाला, परळला कामगारांचं रुग्णालय झालं. ही मोठी सोय होती, तिला नावं ठेवू नयेत. पण तिची गाठ हजेरीशी. हजेरी तुटली की वर्गणी तुटते, वर्गणी तुटली की काही महिन्यांत हक्क संपतो. गैरहजर माणसाच्या जागी तेवढ्यापुरता घेतलेल्या बदली कामगाराचं हे नेहमीचंच रडगाणं होतं. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ते सुमारे अडीच लाख माणसांवर आलं. धुळीचा रोग वीस-वीस वर्षं मुरून वर येणारा. तो वर आला तेव्हा कित्येकांचं कार्ड बंद आणि गिरणीला टाळं. माणूस गावी परतलेला. तालुक्याच्या दवाखान्यात खोकल्याचं औषध मिळालं. कोणत्या खात्यात होतात, हे विचारायचं तिथे कुणाला सुचणार?

कापड विणणं काही थांबलं नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेलं. गिरणीतल्या प्रौढ पुरुषांचा दिवस कायद्याने पहिल्यांदा बांधला तो 1911 मध्ये, बारा तासांचा. पुढे 1922 मध्ये तो अकरावर आला, 1934 मध्ये दहावर, 1946 मध्ये नऊवर. भिवंडीच्या मागावर पाळी बारा तासांची असते. एक उठतो, दुसरा उभा राहतो, आणि पुष्कळदा निजायला वळकटी तीच असते.