मोनोवाईत दुसरा माणूस कुठून आला?

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या गवताळ प्रदेशात मोनोवाई नावाचं गाव आहे. 2010च्या जनगणनेत लोकसंख्या 1, 2020मध्ये 2. त्यावरून ‘गाव दुप्पट झालं’ असं अजूनही सांगितलं जातं. ते खरं नाही. 2020मध्येही तिथे एल्सी आयलर एकट्याच राहत होत्या. दुसरा माणूस फक्त कागदावर होता.

कारण साधं आहे. एकाच माणसाच्या गावाचे आकडे जसेच्या तसे छापले, तर त्या माणसाची खासगी माहितीच उघडी पडते. म्हणून 2020पासून अमेरिकेचं जनगणना खातं छोट्या वस्त्यांच्या आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार करतं; राज्याची बेरीज मात्र अचूक ठेवतं.

खरी गोष्ट वाढीची नाहीच, ओसरण्याची आहे. 1930मध्ये इथे 123 माणसं होती. मग शेतीतली कामं आटली, तरुण शहरांकडे गेले, पोस्ट बंद, रेल्वे बंद, शाळा बंद. 2000मध्ये एल्सी आणि त्यांचे पती रूडी, दोघंच उरले. 2004मध्ये रूडी वारले. त्यांची हजारो पुस्तकं एल्सींनी एका छोट्या खोलीत मांडून वाचनालय उघडलं. महापौर त्याच, कारकून त्याच, खजिनदार त्याच आणि गावातली खानावळ चालवणाऱ्याही त्याच. अशा बाईंच्या शेजारी खोटा शेजारी बसवू नये, असं मला मनापासून वाटतं.