खचलेला कोबा उचलण्याआधी

बंगल्याच्या पार्किंगचा कोबा, शेडमधली काँक्रीटची जमीन किंवा तळमजल्यावरची फरशी एका कोपऱ्यात खचते, तेव्हा भिंती आणि कॉलम मात्र बहुधा जागच्या जागी असतात. कॉलमचे फुटिंग, म्हणजे जमिनीखालचा पाया, कठीण मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलेले असते आणि भिंतींचे वजन जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची तुळई, म्हणजे प्लिंथ बीम, पेलते. तळमजल्याची जमीन मात्र केवळ जोत्यातल्या भरावावर टेकलेली असते. भराव दबला की वरचे काँक्रीट काही काळ पोकळीवर अधांतरी राहते, मग तडकून खाली बसते आणि स्कर्टिंगखाली बोटभर फट दिसू लागते.

भराव दबतो तो मुळात नीट धुम्मस न झाल्यामुळे. कॅलिफोर्नियातील राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने १९३३ मध्ये दाखवून दिले की, प्रत्येक मातीला एका ठरावीक ओलाव्यालाच सर्वाधिक घट्ट दाबता येते. माती फार कोरडी असेल तर कण एकमेकांवरून सरकत नाहीत आणि फार ओली असेल तर पाणीच जागा अडवून बसते. म्हणून भराव १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी टाकून, बेताचे पाणी मारून, प्रत्येक थर स्वतंत्रपणे दाबावा लागतो. घाईच्या कामात मुरुमाचे ट्रक एकदम रिकामे करून वरून पाणी सोडले जाते आणि त्या चुकीचा परिणाम काही पावसाळ्यांनंतर दिसतो. त्यात फुटलेला ड्रेनेजचा पाइप किंवा कोब्याच्या कडेलाच सोडलेली पन्हाळीची धार असेल, तर मातीचे बारीक कण वाहून जातात आणि पोकळी वाढत राहते.

मराठवाडा आणि विदर्भातल्या काळ्या मातीचा प्रश्न आणखी अवघड आहे. या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते, तेव्हा ती फुगते. उन्हाळ्यात सुकली की आक्रसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवरचा कोबा मे महिन्यात खचलेला दिसला, म्हणून त्याखालची पोकळी लगेच गच्च भरून टाकली, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या मातीला जागाच उरत नाही आणि तोच कोबा वर उचलला जाऊन तडकतो. म्हणून येथे किमान एका ऋतुचक्राची नोंद हवी: भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि पातळी ठरावीक बिंदूंवर मोजत राहावी.

खचलेला कोबा उचलतात तो त्याला भोके पाडून, त्यांतून खाली दाबाने मिश्रण भरून. ही क्रिया ऐकायला वाटते तेवढी बलदंड नसते. १० सेंटिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर कोब्याचे वजन सुमारे २४० किलो भरते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अवघे २४ ग्रॅम. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाचा हा जेमतेम ऐंशीवा भाग आहे. प्रत्यक्षात कडा भिंतींना घासत असतात आणि सुरुवातीला दाब थोड्याच जागेवर पडतो, त्यामुळे जोर याहून जास्त लागतो. तरीही अवघड काम उचलण्याचे नाही, ते सारखे उचलण्याचे आहे. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच असते; एक बाजू भराभर वर गेली की ते वाकते आणि तुटते. म्हणून जाणता कारागीर लेझर लेव्हलवर नजर ठेवून या भोकातून त्या भोकाकडे जात, एका वेळी काही मिलिमीटरच उचलतो.

भोकांतून काय भरायचे, याचे मुख्य पर्याय दोन. सिमेंट आणि बारीक मातीचे किंवा वाळूचे पातळ मिश्रण स्वस्त पडते, पण त्याला चार-पाच सेंटिमीटरची भोके लागतात आणि आधीच कमकुवत असलेल्या जमिनीवर नवे वजन पडते. पॉलियुरेथेन फोममध्ये दोन द्रव एकत्र येताच काही सेकंदांत फुगतात. भोक सुमारे १६ मिलिमीटरचे पुरते आणि वजन नगण्य असते. मात्र त्यातला आयसोसायनेट हा रासायनिक घटक श्वसनाला घातक असल्याने बंद खोलीत हवा खेळती ठेवणे आणि कामगारांना योग्य मास्क देणे यात तडजोड नको.

माझ्या मते ठेकेदाराची पारख त्याच्या यंत्रावरून करू नये. तो आधी काय तपासतो, ते पाहावे. चांगला माणूस हातोडीने कोबा ठोकत जातो, पोकळ आवाजाच्या जागा खडूने आखतो, पाण्याच्या लाइनी आणि चेंबर कुठे आहेत ते विचारतो, कारण भरलेले मिश्रण फुटक्या पाइपात शिरले तर ड्रेनेजच तुंबते. गळती दुरुस्त होईपर्यंत तो कामाला हात लावत नाही. भिंतींवर तिरक्या भेगा असतील, तर फुटिंगच खचल्याची शक्यता ओळखून तो स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायला सांगतो. कोब्याचे बारीक तुकडे झाले असतील किंवा काँक्रीट भुसभुशीत झाले असेल, तर ते फोडून, भराव नव्याने दाबून पुन्हा ओतणेच योग्य असते. उचलल्याने भेग मिटल्यासारखी दिसते, सांधत नाही.

करारात कोणत्या बिंदूवर किती मिलिमीटर उचलायचे, कोणते मिश्रण वापरायचे आणि भोके कशाने बुजवायची, हे लिहून घ्यावे. काम झाल्यावर सांधे सीलंटने बंद करून पन्हाळीचे पाणी कोब्यापासून दूर काढावे आणि त्याच बिंदूंची पातळी पुढच्या पावसाळ्यानंतर ठेकेदाराने पुन्हा मोजून द्यावी, अशी अटही त्यात असावी.