बोअर मोठा म्हणजे नेम भारी? तसं काही नसतं

पिस्तुलाचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "कितीचा बोअर?" (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचा व्यास) आणि आकडा मोठा असला की सगळ्यांच्या भुवया वर. पण आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलचं गोल्ड मारलं ते पॉइंट टू-टूने. म्हणजे .२२ इंच, साडेपाच मिलिमीटरच्या आसपासची गोळी, वजन जेमतेम २.६ ग्रॅम, रुपयाच्या नाण्याहून हलकी.

आता हे असं का, तर हाताला बसणारा झटका मुख्यतः गोळीचं वजन गुणिले वेग यावर ठरतो. .२२ ची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर जाते, गुणाकार (वजन किलोत धरून) ०.८६. नाइन एमएमची गोळी ८ ग्रॅमची, वेग ३५० च्या आसपास, गुणाकार २.८, म्हणजे झटका तिपटीहून जास्त. रॅपिड फायर, म्हणजे झटपट गोळ्या मारायच्या स्पर्धेच्या शेवटच्या सिरीजमध्ये ४ सेकंदांत ५ वेगवेगळ्या टार्गेटवर ५ गोळ्या मारायच्या असतात, तिथे प्रत्येक गोळीला नळी वर उडाली तर ती खाली आणण्यातच वेळ संपणार. आणि मॅचची .२२ काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा जराशी हळू ठेवतात, कारण आवाजाचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डगमगते.

दहा मीटरला तर एअर पिस्तूल, साडेचार मिलिमीटरचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा. झटका जवळपास नाहीच, पण दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं!

मधला प्रकार सेंटर फायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठोका बसतो ते), तिथे नियमानेच ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरमधलं लागतं. बरेच नेमबाज .३२ घेतात, तेही वॉडकटर गोळीचं. ही गोळी पुढून सपाट असते, पंचिंग मशीनसारखं गोल स्वच्छ भोक पाडते, टोकदार गोळी कागद फाडते. गोळीची कड वरच्या रेषेला नुसती टेकली तरी वरचे पॉइंट मिळतात, म्हणून स्वच्छ भोक म्हणजे वादच नको.

मग मोठा बोअर कुठे? आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) सारख्या पळत पळत खेळायच्या स्पर्धांत. तिथे पॉवर फॅक्टर मोजतात, गोळीचं ग्रेनमधलं वजन (एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम) गुणिले फूट प्रति सेकंद वेग, भागिले हजार. १२५ पासून मायनर, स्टँडर्ड डिव्हिजनमध्ये १७० पासून मेजर. .४५ ची २३० ग्रेनची गोळी ८३० ने गेली की १९०, आरामात मेजर. नेहमीची नाइन एमएम १३६ वगैरे, मायनर. मेजरवाल्याची गोळी मध्यापासून जरा बाहेर लागली तरी ४ पॉइंट, मायनरला ३. जास्त झटका सहन केल्याची ही भरपाई म्हणा. (नाइन एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, साध्या लायसन्सवर मिळत नाही, म्हणून लोकांकडे दिसतं ते .३२ च.)

नवख्याने थेट मोठ्या बोअरवर का जाऊ नये हे बघायचं तर कोचची एक जुनी युक्ती आहे. मॅगझिनमध्ये गुपचूप एक डमी काडतूस घालायचं. ट्रिगर दाबला, नुसतं टिक वाजलं, गोळी सुटलीच नाही, तरी नळीचं तोंड दोन बोटं खाली गेलेलं असतं, कारण झटका येणार म्हणून मनगटाने आधीच दाब दिलेला. मग गपचूप परत .२२.