शेजाऱ्याची ढाल: प्राचीन ग्रीक समाज आणि युद्ध यांची पार्श्वभूमी

रणांगणातून पळताना ग्रीक सैनिकाने शिरस्त्राण टाकले तर कोणी फारसे मनावर घेत नसे. ढाल टाकली, तर मात्र तो गावातून उठला. अथेन्समध्ये असल्या माणसाचे नागरी हक्क जात, आणि ‘ढाल टाकणारा’ या अर्थाची एक खास शिवीच ग्रीक भाषेत होती. हा फरक का? ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने याचे उत्तर स्पार्टाचा राजा डेमारेटस याच्या तोंडी घातले आहे: शिरस्त्राण आणि चिलखत माणूस स्वतःसाठी घालतो, ढाल सगळ्या रांगेसाठी धरतो.

ही ढाल नीट पाहण्यासारखी आहे. मोठ्या परातीसारखी गोल आणि खोलगट, लाकडाची, बहुतेक वेळा वरून कांस्याचा पातळ पत्रा चढवलेली. व्यास सुमारे ९० सेंटिमीटर, वजन सहा-सात किलो. आतून मधोमध धातूचा रुंद पट्टा असे. त्यातून डावा हात कोपरापर्यंत सरकवायचा आणि काठाजवळची मूठ पकडायची. हात असा मधोमध अडकल्यामुळे ढालीचा निम्मा भाग धरणाऱ्याच्या शरीराबाहेर, डावीकडे जाई. एकट्याने लढताना तो भाग वायाच. रांगेत उभे राहिले, की डावीकडच्या गड्याची उघडी उजवी बाजू त्याच भागाने झाकली जाई. इतिहासकार थुसिडिडीसने इ. स. पू. ४१८ मधल्या मँटिनियाच्या लढाईचे वर्णन करताना एक बारकावा टिपला आहे: चाल करून जाणारे प्रत्येक सैन्य हळूहळू उजवीकडे सरकते, कारण जो तो शेजाऱ्याच्या ढालीच्या आडोशाला जाऊ पाहतो. इतके मानवी निरीक्षण लढायांच्या वर्णनांत क्वचितच सापडते.

अशा ढाली-भाल्यांनी सजलेल्या सैनिकाला हॉप्लाइट म्हणत आणि त्यांच्या खोल रांगांना फॅलँक्स. आपण तिला फळी म्हणू. हे सामान जुळून येण्याचा काळ इ. स. पू. आठवे-सातवे शतक. आर्गोस येथे १९५३ मध्ये सापडलेल्या एका कबरीत आठव्या शतकाच्या अखेरचे कांस्याचे चिलखत आणि शिरस्त्राण मिळाले. रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात सातव्या शतकाच्या मध्याचा एक चित्रित कलश आहे. त्यावर समोरासमोर येणाऱ्या दोन फळ्या आणि पाऊल तालात पडावे म्हणून जोडपावा वाजवणारा मुलगा दिसतो. फळी शत्रूवर खरोखर अंगाने रेटा देत असे की ‘रेटा’ हा शब्द अलंकारिक आहे, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे.

या रांगेत उभे राहणारे होते कोण? बहुतेक शेतकरी. डोंगरांनी तुकडे पाडलेल्या त्या मुलखात आणि आसपासच्या किनाऱ्यांवर हजारेक नगरराज्ये होती, आणि बहुतेकांना पगारी खडे सैन्य पोसणे शक्य नव्हते. लढायचे ते नागरिकांनी, आणि तेही पदरच्या खर्चाने. कायदेकर्ता सोलन याने इ. स. पू. ५९४ च्या सुमारास अथेन्सच्या नागरिकांची उत्पन्नानुसार चार वर्गांत विभागणी केली. त्यातला तिसरा वर्ग ‘झ्युगिताई’, म्हणजे जुवाचे लोक. (तो ग्रीक शब्द आणि आपले ‘जू’ यांचे मूळ एकच.) बैलजोडी बाळगणारे म्हणून हे नाव पडले, असे काही म्हणतात, फळीत शेजाऱ्याशी जुंपलेले म्हणून पडले, असे दुसरे म्हणतात. मला हा वाद मिटू नये असेच वाटते, कारण दोन्ही अर्थ त्या माणसाला लागू पडतात. नांगर धरणारा आणि भाला धरणारा एकच होता. स्वतःच्या ढालीनिशी गाव राखणारा माणूस गावच्या सभेत आपले म्हणणे ऐकून घ्या, असा आग्रह धरू लागला, आणि सरदार घराण्यांना तो फार काळ डावलता आला नाही. माझ्या मते ग्रीक इतिहासाचा बराचसा गुंता इथून सुटतो: शस्त्र कोणाच्या हाती आले ते पाहावे, सभेत आवाज कोणाचा वाढला ते कळते.

शेतकऱ्यांचे युद्ध शेतीच्या वेळापत्रकानेच चाले. पीक उभे असताना शेजाऱ्याच्या शिवारात घुसायचे, एक दिवस लढायचे आणि घरी परतायचे. जिंकणारा रणात विजयस्तंभ उभारी. हरणारा आपली प्रेते मागायला दूत पाठवी. तो आला की पराभव कबूल झाला असे मानत.

इ. स. पू. ४९० मध्ये मॅरेथॉनला इराणी सैन्य उतरले तेव्हा याच फळीने त्याला परत लावले. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या आयोनियन ग्रीकांनी बंड केले होते आणि अथेन्सने त्यांना मदत केली होती, त्याची ही शिक्षा होती. (इराणी लोक या आयोनियनांना ‘यौन’ म्हणत. आपला ‘यवन’ त्याच घराण्यातला. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावे आजही वाचता येतात.) इतिहासकार हिरोडोटसच्या हिशेबाने अथेन्सचे १९२ जण पडले. त्यांना तिथेच पुरून वर रचलेला मातीचा उंचवटा अजून उभा आहे. नाटककार एस्किलस या लढाईत होता. त्याच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या समाधिलेखात एकाही नाटकाचा उल्लेख नाही, मॅरेथॉनचा मात्र आहे.

मॅरेथॉनचा मान शेतकऱ्यांचा होता. ज्यांच्याकडे ना शेत ना ढाल, अशा मोलमजुरी करणाऱ्या चौथ्या वर्गाची पाळी त्यानंतर आली. इ. स. पू. ४८३ च्या सुमारास अथेन्सच्या मुलखातल्या लॉरियनच्या खाणीत चांदीची मोठी शीर लागली. ती चांदी नागरिकांत वाटून टाकावी असे घाटत होते. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याने तिची जहाजे बांधायला लावली. तीन वर्षांनी इराणी पुन्हा चालून आले; अथेन्स रिकामे करून बायकामुले पलीकडे पाठवावी लागली, नगर जळाले, आणि सालामिसच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत याच आरमाराच्या बळावर ग्रीकांनी इराणी आरमार मोडले.

त्रिवल्ही युद्धनौका सुमारे ३७ मीटर लांब, माणसे २००, त्यांतले १७० वल्हेकरी. ते एकावर एक तीन ओळींत बसत, प्रत्येकाच्या हाती एकच वल्हे. सगळ्यांत खालच्या ओळीतल्या माणसाला ना समुद्र नीट दिसे, ना शत्रू. हुकमाचा ताल ऐकायचा आणि ओढायचे. प्रत्येकाचे सामान तीन वस्तूंचे: वल्हे, बसायची गादी आणि वल्हे अडकवायचा चामडी पट्टा. ते काखोटीला मारून पेलोपोनीजचे, म्हणजे दक्षिण ग्रीसचे, खलाशी रातोरात कॉरिंथहून मेगाराकडे चालत गेल्याचे थुसिडिडीसने नोंदवले आहे. ढाल-चिलखताच्या तुलनेत हे सामान काहीच नव्हे, म्हणूनच गरीब माणूस इथे उपयोगी पडला. वल्हेकऱ्यांत भाडोत्री परदेशी आणि गुलामही असत, पण गरीब नागरिकांचा वाटा मोठा होता. पाचव्या शतकात अथेन्सची लोकशाही या वर्गापर्यंत खाली झिरपली. न्यायसभेत बसण्याचाही मोबदला मिळू लागला. लोकशाही मुळीच न आवडणाऱ्या एका अनामिक अथेनियनाने आपल्या छोट्या ग्रंथात कबुली देऊन ठेवली आहे, की जहाजे हाकून नगराला बळ देतात ते हेच लोक, तेव्हा अधिकारपदांवर त्यांचा हक्क न्याय्यच आहे.

ती चांदी मात्र गुलामांनी खणलेली होती. हॉप्लाइटची ढाल लढाईच्या जागेपर्यंत वाहून नेणारा नोकरही बहुधा गुलामच. आणि मतदानाच्या सभेत अथेन्सची एकही स्त्री कधी बसली नाही.

स्पार्टाची गोष्ट सांगताना हा विसर अधिक घातक ठरतो. इराणी स्वारी अडवताना पडलेले थर्मोपिलीचे ३०० वीर सर्वांना पाठ असतात, पण स्पार्टन नागरिक आयुष्यभर कवायत करू शकले ते मेसेनिया आणि लकोनियातले हेलोट, म्हणजे जमिनीला जखडलेले दास, त्यांची शेते कसत होते म्हणून. स्पार्टाचे अधिकारी दर वर्षी या हेलोटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे त्यांना मारले तरी पाप लागू नये. हिरोडोटस सांगतो, की प्लाटियाच्या लढाईत (इ. स. पू. ४७९) ५,००० स्पार्टन नागरिकांबरोबर प्रत्येकी सात हेलोट होते, म्हणजे ३५,०००. त्यांच्यातल्या एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही. पुढे अथेन्सशी झालेल्या पेलोपोनीशियन युद्धात स्पार्टाने जाहीर केले, की रणात ज्यांनी सर्वांत मोठी कामगिरी केली असे हेलोटांना वाटते त्यांनी पुढे यावे, त्यांना मुक्त करू. सुमारे २,००० जण निवडले गेले, डोक्यावर माळा घालून देवळांभोवती फिरले आणि नंतर नाहीसे झाले. प्रत्येकाचा अंत कसा झाला हे कोणालाच कळले नाही, असे थुसिडिडीस लिहितो. ग्रीक इतिहासात याहून काळे पान मी वाचलेले नाही.

स्पार्टन नागरिकाला रोजच्या सामाईक पंगतीसाठी सातू, दारू, चीज, अंजिरे असा शिधा द्यावा लागे. तो थकला की नागरिकत्व गेले. जमीन थोड्या हातांत साठत गेली तशी फळीतली माणसे घटली. इ. स. पू. ४८० मध्ये आठेक हजार नागरिक असल्याचे हिरोडोटस म्हणतो. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या रणात ७०० उतरले आणि त्यांतले ४०० पडले. थीब्सच्या इपामिनोंडसने डावी बाजू ५० रांगा खोल रचून स्पार्टाच्या राजावर थेट घातली होती. नंतर त्याने मेसेनियात शिरून हेलोटांना स्वतंत्र नगर उभारून दिले. धनी संपले ते असे.

मधल्या काळात, ४३१ ते ४०४ पर्यंत, अथेन्स आणि स्पार्टा यांच्या युद्धाने एका दिवसाच्या लढाईची जुनी रीत मोडून टाकली होती. वेढे, साथ, सिसिलीत अथेन्सच्या स्वारीचा सर्वनाश, वर्षभर चालणाऱ्या मोहिमा. शेत सोडून इतका काळ कोण लढणार? चौथ्या शतकात पगारी सैनिक वाढत गेले.

मग मॅसेडोनियाचा दुसरा फिलिप आला. त्याच्या सैनिकाचा भाला पाच मीटरच्या आसपास लांब. तो पेलायला दोन्ही हात हवेत, म्हणून ढाल लहान झाली आणि पट्ट्याने गळ्यात अडकवली गेली. सामान आता राजा देई आणि हुकूमही त्याचाच चाले. ३३८ मध्ये कायरोनियाला त्याने अथेन्स आणि थीब्स यांच्या फळ्या मोडल्या. तिथल्या दगडी सिंहापाशी केलेल्या उत्खननात रांगेने पुरलेले २५४ सांगाडे निघाले. थीब्सच्या पवित्र पथकाचे, म्हणजे निवडक सैनिकांच्या तुकडीचे, ते असावेत, असे बहुतेकांचे मत आहे.

अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर अथेन्सने मॅसेडोनियाविरुद्ध एकदा पुन्हा जहाजे पाण्यात लोटली. इ. स. पू. ३२२ मध्ये आमोर्गोसजवळ ते आरमार हरले. जेत्या मॅसेडोनियन सेनानी अँटिपाटरने अथेन्सच्या बंदरावर शिबंदी बसवली आणि अट घातली, की २,००० द्राख्मांची मालमत्ता असेल त्यालाच मत. प्लुटार्कच्या आकड्यानुसार बारा हजारांहून अधिक लोकांचा हक्क गेला. ते गरीब, म्हणजे ज्यांच्या वाडवडलांनी वल्ही ओढली त्या वर्गातले. त्यांतल्या बऱ्याच जणांना थ्रेसमध्ये जमीन देऊन नगराबाहेर पाठवण्यात आले.