संकल्पनात्मक प्रतिमान, पुरवठा साखळीचे

पुरवठा साखळीतील एखादा प्रश्न सदृशीकरणाने, म्हणजेच सिम्युलेशनने (व्यवस्थेची संगणकावर नक्कल चालवून), सोडविण्यापूर्वी साखळीचा कोणता भाग घ्यावयाचा, कोणता वगळावयाचा आणि कोणते उत्तर शोधावयाचे, याची कोणत्याही संगणकप्रणालीवर अवलंबून नसलेली मांडणी म्हणजे संकल्पनात्मक प्रतिमान (कन्सेप्च्युअल मॉडेल).

या पद्धतीचा आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. अमेरिकन व्यवस्थाशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. फॉरेस्टर यांनी १९५८ मध्ये किरकोळ विक्रेत्याकडील मागणीचा लहानसा चढउतार वितरकामार्फत कारखान्यापर्यंत पोहोचताना कसा फुगत जातो हे दाखविले. काही अभ्यासक तेथूनच सुरुवात धरतात. मात्र ती मांडणी साठा व प्रवाह यांच्या समीकरणांची असून तीत मालाची एकेक गाडी वेगळी दिसत नाही. सदृशीकरणाचे सिद्धांतकार बी. पी. झीगलर यांनी १९७६ मध्ये मूळ व्यवस्था, तिचे प्रतिमान व ते चालविणारा संगणक यांत काटेकोर भेद केला. सैद्धांतिक मूळ तेथे शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. सदृशीकरणाचे अभ्यासक स्ट्युअर्ट रॉबिन्सन यांच्या २००८ मधील विवेचनात गृहीतक व सुलभीकरण यांची फारकत केलेली आहे : माहिती अपुरी असते तेथे गृहीतक, माहिती असूनही प्रतिमान आटोपशीर राहावे म्हणून केलेली काटछाट ते सुलभीकरण.

बेळगाव सीमाभागातील ऊस हे या भेदाचे बोलके उदाहरण होय. तोडलेला ऊस गाळपास जितका उशिरा लागतो तितका साखरेचा उतारा घटतो, म्हणून फडापासून गव्हाणीपर्यंत (कारखान्यात गाळपासाठी ऊस टाकतात त्या जागेपर्यंत) लागणारे तास हे येथे शोधावयाचे उत्तर. ऊसतोडणीची टोळी, ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलगाडी, गाडीतळावरील रांग, वजनकाटा व गव्हाण हे घटक. टोळी उद्या किती टन तोडील हे धरून चालणे हे गृहीतक. सर्व गाड्या सारख्या वजनाच्या मानणे हे सुलभीकरण, कारण खरी वजने काट्याच्या नोंदीत असतातच. तथापि बैलगाडी आणि दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर एकाच मापात घातले, की रांगेचे चित्र बिघडते. चिकोडी-निपाणीकडचा ऊस कोल्हापूर जिल्ह्यातील कारखान्यांकडेही जात असल्याने प्रतिमानाची सीमा राज्याच्या सीमेवर आखणेही गैर.

निपाणीच्या तंबाखूस हे प्रतिमान लागू पडत नाही. वाळविलेला तंबाखू वखारीत महिनोन्‌महिने राहतो. तेथे रांगेपेक्षा साठा महत्त्वाचा, आणि फॉरेस्टर यांची समीकरणे बहुधा पुरेशी ठरतात.