अर्बुद-दमन जनुके आणि वाहिनीजनन

अर्बुद-दमन जनुके, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातली ट्यूमर सप्रेसर जीन, पेशींच्या बेसुमार विभाजनाला आवर घालतात. अर्बुदाची म्हणजे गाठीची रक्ताची रसद रोखण्याचे त्यांचे दुसरे काम त्यामानाने कमी ठाऊक आहे. केशवाहिनीतला ऑक्सिजन जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंत झिरपतो. नव्या रक्तवाहिन्या फुटल्याशिवाय (यालाच वाहिनीजनन म्हणतात) गाठ एक-दोन मिलिमीटरपुढे जात नाही, हा विचार अमेरिकन शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला.

सर्वांत नीट उलगडले आहे ते व्हीएचएल जनुक. पेशीत एचआयएफ हे प्रथिन सतत तयार होत असते. ऑक्सिजन पुरेसा असला की एक विकर त्यावर खूण करते, व्हीएचएल प्रथिन ती खूण ओळखते आणि एचआयएफ मोडीत निघते. ऑक्सिजन कमी पडला तरच ते टिकते आणि वाहिन्यांना बोलावणारे व्हीईजीएफ हे प्रथिन तयार करवते. नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराच्या भाषेत, वाफसा पाहून ठिबकची मोटार बंद करणारा माणूस म्हणजे व्हीएचएल. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की हा माणूसच उरत नाही. रान ओले असूनही मोटार चालू. (उपमा इथवरच. ठिबकच्या नळ्यांना फुटवे येत नाहीत, केशवाहिन्यांना येतात.)

मूत्रपिंडाच्या क्लिअर सेल कर्करोगात बहुधा हेच झालेले असते. त्याची स्लाइड एकदा पाहिली की विसरत नाही: तयार करताना आतली चरबी व ग्लायकोजेन धुऊन गेल्याने पोकळ दिसणाऱ्या पेशींचे पुंजके, आणि पुंजक्यांभोवती केशवाहिन्यांची नाजूक जाळी. ऑक्सिजन ओळखण्याच्या या यंत्रणेच्या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

पी५३ या दुसऱ्या अर्बुद-दमन जनुकाची वाट वेगळी. ते थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ हे वाहिनीरोधक प्रथिन वाढवते. ली-फ्रॉमेनी या आनुवंशिक विकाराच्या रुग्णांच्या पेशींत पी५३ ची उरलेली चांगली प्रत गेली की हे प्रथिन घटते, असे १९९४ मध्ये दिसले. पीटेन जनुकही वाढीच्या संदेशांना लगाम घालून व्हीईजीएफ कमी राखते.

व्हीईजीएफला अडवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झाले. सलाइनमधून ते देण्याआधी रक्तदाब मोजतात, कारण तो वाढू शकतो. जखमाही उशिरा भरतात. ‘डॉक्टर, गाठीचं रक्त तोडलं की ती वाळून जाईल ना?’ असे घरचे विचारतात. एवढ्याने ती सहसा वाळत नाही. एक पाट बंद झाला की गाठ दुसऱ्या संदेशांनी पाणी वळवते. व्हीएचएल जनुकातल्या आनुवंशिक दोषाने होणाऱ्या व्हीएचएल विकाराच्या काही गाठींसाठी २०२१ मध्ये मंजूर झालेले बेल्झुटिफॅन थेट एचआयएफ-२ या एचआयएफच्या एका प्रकारालाच धरते.